वायरपासून रुळापर्यंत: लोकलमधली वीज सांभाळणाऱ्यांचं काम

माझे मामा मुंबईतल्या एका कारशेडमध्ये इलेक्ट्रिक फिटर होते. घरात इस्त्री बंद पडो की मिक्सर, ते आधी प्लग उघडायचे आणि आतले स्क्रू पिळून बघायचे. बहुतेक वेळा तेवढ्यावर काम भागायचं. एखादा स्क्रू अर्धा फेरा फिरला की ते आम्हा पोरांना जवळ बोलवून दाखवायचे, "बघ, वायर धडधाकट आहे, इस्त्री धडधाकट आहे. जळला तो जोड."

पुढे मी लोकलच्या विजेबद्दल जे काही वाचलं, विचारलं आणि डोळ्यांनी पाहिलं, त्या सगळ्याचं मूळ मला याच वाक्यात सापडलं. गाडीतली वीज सांभाळणं म्हणजे मुख्यतः जोड सांभाळणं. काही जोड नट-बोल्टचे, काही घासत जाणारे, काही पिनांचे. जिथे एका धातूवरून दुसऱ्या धातूवर वीज जाते, तिथे लक्ष हवं. मधल्या केबली सहसा बिचाऱ्या गुमान आपलं काम करत असतात.

घरातला प्लग जळतो तेव्हा नेमकं काय होतं? पिन सैल झाली की धातू धातूला पूर्ण चिकटत नाही, मोजक्या ठिपक्यांवर टेकतो. तेवढ्या अरुंद वाटेतून सगळा करंट जायचा, म्हणजे तिथे रोध वाढतो आणि जागा तापते. तापली की धातूवर काळा थर चढतो, थरामुळे रोध आणखी वाढतो, जागा आणखी तापते. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

आता गाडीचा हिशेब करू. उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. जोडाचा रोध एका ओहमचा हजारावा भाग आहे आणि त्यातून ५०० अँपिअर जातायत असं धरा. पाचशे गुणिले पाचशे, भागिले हजार, म्हणजे २५० वॅट. मुठीत मावेल एवढ्या नट-बोल्टच्या जागी अडीचशे वॅटचा हीटर लावून ठेवल्यासारखं झालं. तोच जोड नीट घासून, पुसून, योग्य ताकदीनं आवळलेला असेल तर रोध याच्या वीस पट कमी असू शकतो, आणि उष्णता साडेबारा वॅटवर येते. फरक एका पान्याचा.

त्यात गाडी दिवसभर हादरते. घरातला प्लग भिंतीत शांत बसलेला असतो. लोकलमधला प्रत्येक बोल्ट रुळांचे सांधे, क्रॉसओव्हर, ब्रेक असे हजारो धक्के रोज खातो. म्हणून कारशेडमध्ये महत्त्वाचे बोल्ट नुसत्या हाताच्या अंदाजानं आवळत नाहीत, टॉर्क रेंचनं ठरलेल्या ताकदीपर्यंत आवळतात आणि नटापासून पट्टीपर्यंत रंगाची एक रेघ ओढतात. पुढच्या तपासणीला टॉर्च मारला की कळतं, रेघ सरळ आहे की तुटली आहे. रेघ तुटली म्हणजे नट फिरला. इतकी साधी युक्ती, पण मला ती फार आवडते, कारण हाताळल्याशिवाय नुसत्या नजरेनं शेकडो जोड वाचता येतात. हल्ली सोबत उष्णता दाखवणारे कॅमेरेही असतात. त्यांत तापलेला जोड आजूबाजूच्या गार धातूत उजळ ठिपक्यासारखा उठून दिसतो.

वीज गाडीत चढते तिथे

भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला या हार्बर मार्गावर धावली. तेव्हा वरच्या तारेत १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट होता. मुंबईची लोकल जवळपास नव्वद वर्षं त्यावर चालली. पश्चिम रेल्वेचा बदल २०१२ मध्ये पुरा झाला, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचा २०१५ मध्ये, आणि हार्बरवरची शेवटची डीसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये निघून गेली. आता सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही जोडाच्या हिशेबातूनच कळतं. एखाद्या लोकलला वेग घेताना ३,००० किलोवॅट लागतात असं समजू. १५०० व्होल्टवर त्यासाठी २,००० अँपिअर ओढावे लागतील. २५,००० व्होल्टवर तेच काम १२० अँपिअरमध्ये होतं. करंट सतरा पटींनी कमी झाला, म्हणून वरच्या तारेतला आणि तिला टेकून वीज घेणाऱ्या पॅन्टोग्राफवरचा तापही उतरला. डीसीच्या काळात जाड तारा आणि दर काही किलोमीटरवर सबस्टेशन लागायचं, ते याच कारणानं. मात्र व्होल्टेज वाढलं की दुसरं संकट वाढतं. वीज हवेतून उडी मारायला बघते. त्याकडे पुढे येऊच.

टपावरचा तो घडीचा सांगाडा म्हणजे पॅन्टोग्राफ, शेडच्या भाषेत पॅन्टो. त्याच्या माथ्यावर कार्बनच्या पट्ट्या असतात. रुळांपासून साधारण साडेपाच मीटर उंचीवरच्या तांब्याच्या तारेला त्या खालून टेकतात, आणि गाडी धावत असताना तिला घासत वीज घेतात. पॅन्टो तारेला साधारण सात किलोच्या वजनाइतक्या जोरानं वर दाबतो. जोर कमी पडला तर पट्टी तारेपासून क्षणभर सुटते आणि ठिणगी पडते. रात्री टपावर निळसर लखलखाट दिसतो, तो हाच. जोर जास्त झाला तर तार वर उचलली जाते आणि दोन्ही लवकर झिजतात. म्हणून शेडमध्ये पॅन्टोला स्प्रिंगचा तराजू अडकवून हा जोर मोजतात. पंचवीस हजार व्होल्टच्या गाडीवर तराजू वापरतात, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं.

पट्ट्या कार्बनच्या का, तर झिजायचं कोणी हे आधीच ठरवलेलं असतं. कार्बन मऊ आणि स्वतःच वंगणासारखा, म्हणून तो झिजतो आणि तार वाचते. पट्टी शेडमध्ये बदलता येते. तार बदलायची तर ब्लॉक घ्यावा लागतो, टॉवर वॅगन, म्हणजे तारेपर्यंत पोचवणारी मचाणाची गाडी, आणावी लागते. तरीही तार थोडी थोडी झिजतेच. नव्या तारेची जाडी साधारण १२ मिलिमीटर असते आणि ती ८ च्या आसपास आली की बदलावी लागते.

विहिरीच्या काठावरच्या दगडाला दोरानं पडलेली खाच तुम्ही पाहिली असेल. तार जर रुळांच्या बरोबर मधोमध, एका सरळ रेषेत गेली असती तर कार्बनच्या पट्टीत अगदी तशीच खाच पडली असती. म्हणून तार मुद्दाम नागमोडी बांधतात. सरळ रुळांवर एका खांबाला ती मध्यापासून २०० मिलिमीटर डावीकडे ओढलेली असते, पुढच्या खांबाला तेवढीच उजवीकडे. गाडी धावताना तार पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत राहते आणि पट्टी सगळीकडून सारखी झिजते. पुढच्या वेळी फलाटाच्या टोकाला उभं राहून रुळांच्या दिशेनं वर बघा, हे वळसे स्पष्ट दिसतात.

पट्टीची तपासणी म्हणजे जाडी मोजणं एवढंच नाही. कडा तुटलीय का, कुठे टवका उडालाय का, हे बोट फिरवून बघतात. टवका उडालेली पट्टी धोकादायक, कारण तार त्या खाचेत अडकते. धावत्या गाडीचा पॅन्टो तारेत अडकला तर तो स्वतः मोडतोच, शिवाय सोबत कित्येक मीटर तार ओढून नेतो. 'ओव्हरहेड वायर तुटल्यानं मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळीत' ही बातमी आपण वाचतो, तिच्यामागे कधी तार असते, कधी पॅन्टो, तर कधी तारेवर उडून आलेलं प्लास्टिक किंवा पतंगाचा मांजा. तार सांभाळणारे वेगळे, गाडी सांभाळणारे वेगळे, आणि अशा घटनेनंतर 'आधी पॅन्टो मोडला की आधी तार सुटली' यावर दोघांचा वाद हमखास होतो. हा वाद मला गरजेचा वाटतो. तुटलेली पट्टी आणि तारेवरचे ओरखडे शेजारी ठेवून बघितल्याशिवाय खरं कारण हाती लागत नाही, आणि कारण न सापडता नुसती दुरुस्ती केली तर तीच घटना पुन्हा घडते.

टपावर चढण्याआधी

आता उडीबद्दल. पंचवीस हजार व्होल्टच्या तारेला हात लावावा लागत नाही. पुरेसं जवळ गेलं तरी वीज हवेतून अंगावर येते. म्हणून रेल्वेचा नियम आहे की चालू तारेच्या दोन मीटरच्या आत कुणी जायचं नाही. यार्डात उभ्या असलेल्या डब्याच्या टपावर फोटो काढायला चढलेली मुलं जिवानिशी जातात ती याच कारणानं. 'पण त्यानं तारेला हात लावलाच नव्हता' असं मागे राहिलेले मित्र सांगतात, आणि ते खरंच बोलत असतात. आपल्या घरातल्या मुलांना हे एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

शेडमध्ये टपावर काम करायचं तर आधी त्या लाइनीवरची वीज आयसोलेटर नावाचा स्विच उघडून तोडतात. पण तोडलेली तारही विश्वासाची नसते. शेजारच्या चालू तारेमुळे तिच्यात वीज प्रेरित होऊ शकते आणि चुकून कुणी स्विच पुन्हा टाकूही शकतो. म्हणून लांब दांड्यांनी कामाच्या दोन्ही बाजूंना तार रुळांशी जोडतात. याला डिस्चार्ज रॉड लावणं म्हणतात. मग वीज आलीच तरी ती माणसातून न जाता सरळ रुळात जाते. रॉड लावतानाचा क्रमही पक्का असतो. खालचं टोक आधी रुळाला आवळायचं, मगच वरचं टोक तारेला अडकवायचं. काढताना उलट, आधी वरचं, मग खालचं. क्रम चुकला तर दांडी धरलेला माणूसच त्या वाटेत येतो.

गाडीच्या आतही अशीच शिस्त लोखंडात घालून ठेवलेली आहे. उच्च दाबाच्या कप्प्याचं दार उघडायला एक चावी लागते. ती मिळवायला गाडी अर्थ करणारा, म्हणजे जमिनीशी जोडणारा, स्विच फिरवावा लागतो. तो स्विच फिरवायलाही चावी लागते आणि ती पॅन्टो खाली आल्याशिवाय सुटत नाही. चाव्यांची ही साखळी माणसाच्या स्मरणशक्तीवर काहीच सोडत नाही. रात्री तीन वाजता दमलेल्या माणसाला 'मी पॅन्टो खाली घेतला होता ना?' असा प्रश्न पडायची वेळच येऊ नये, यासाठी ती आहे. मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत मोठं शहाणपण इथे दिसतं.

आत गेल्यावर

पॅन्टोमधून आलेली वीज आधी टपावरच्या सर्किट ब्रेकरमधून जाते. त्याला व्हीसीबी, म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर म्हणतात, कारण त्याचे संपर्क निर्वात नळीत उघडतात. हवा नसली की ठिणगीला टिकायला जागा नसते. मग ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज खाली आणतो, कन्व्हर्टर एसीचा डीसी करतो आणि इन्व्हर्टर त्या डीसीतून मोटरींसाठी तीन फेजचा एसी घडवतो. एसीचा डीसी करून पुन्हा एसी करण्याचा हा द्राविडी प्राणायाम यासाठी, की तारेतल्या विजेची लय सेकंदाला ५० आवर्तनांची ठरलेली आहे. मोटरीला मात्र गाडी हळू असताना संथ लय हवी आणि वेगात असताना जलद. इन्व्हर्टर ती लय मोटरमनच्या हँडलप्रमाणे बदलत राहतो. ब्रेक लावताना हाच मार्ग उलटा चालतो. मोटर जनित्र बनते आणि वीज तारेत परत जाते.

जुन्या डीसी लोकलमधल्या मोटरींना कार्बनचे ब्रश असायचे. फिरणाऱ्या तांब्याच्या कम्युटेटरवर ते घासत असत. मामांची अर्धी नोकरी त्या ब्रशांत गेली. ब्रशची लांबी मोजायची, झिजलेला बदलायचा, स्प्रिंगचा जोर बघायचा, कम्युटेटरवरचा काळा भुगा काढायचा. तो भुगा वीजवाहक असतो. साठला तर मोटरीतच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आगीची झळ फिरते. २००७ पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांत तीन फेजच्या इंडक्शन मोटरी आहेत. त्यांना ब्रशच नाहीत. घासणारा एक अख्खा जोड कमी झाला आणि त्याबरोबर कितीतरी मनुष्यतास वाचले.

काम संपलं असं मात्र झालं नाही, त्याची जागा बदलली. इन्व्हर्टरमधले आयजीबीटी नावाचे स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडमिट करतात आणि तापतात. त्यांना गार ठेवणारी हवा जाळीतून आत येते. मुंबईच्या हवेतली धूळ, माणसांचे केस, कपड्यांचे तंतू आणि ब्रेकचा लोखंडी भुगा या सगळ्यांनी ती जाळी बुजते. मग तापमान चढतं, यंत्रणा स्वतःला वाचवायला शक्ती कमी करते किंवा बंदच पडते. कोट्यवधींचं इलेक्ट्रॉनिक्स आणि त्याचा जीव एका जाळीच्या सफाईवर. ज्या शेडमध्ये जाळी साफ करण्याचं काम 'खलाशाचं काम', म्हणजे मदतनीसाचं, म्हणून दुय्यम मानतात, तिथे मोठे बिघाड जास्त होणारच, असं माझं ठाम मत आहे.

ट्रान्सफॉर्मरमधलं तेल मात्र बिघाड आधीच सांगून ठेवतं. त्याचा नमुना काढून अडीच मिलिमीटरच्या फटीत किती व्होल्टपर्यंत टिकतो ते बघतात. पाण्याचा अंश शिरला असेल तर तो लवकर हार खातो. दुसरी चाचणी त्याहून बोलकी, तेलात विरघळलेल्या वायूंची. आत कुठे ठिणगी पडत असेल तर तेलाचं विघटन होऊन ॲसिटिलिन तयार होतो. नुसतं जास्त तापत असेल तर इथिलिनसारखे वायू वाढतात. ट्रान्सफॉर्मर न उघडता आतला सैल जोड असा पकडता येतो.

वीज उतरते तिथे

वीज वरून येते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वर्तुळ पुरं व्हायला ती परतही जायला हवी, आणि ती जाते चाकांतून रुळांत, रुळांतून सबस्टेशनकडे. इथे एक नाजूक जागा आहे. डब्यातून चाकापर्यंत जायचा सरळ मार्ग ॲक्सलच्या बेअरिंगमधून जातो. बेअरिंगच्या रोलरमधून करंट गेला तर प्रत्येक टेकणाऱ्या बिंदूवर बारीक ठिणगी पडते आणि गुळगुळीत पोलादावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. काही काळानं बेअरिंग घरघरतं, तापतं, आणि तापलेलं बेअरिंग म्हणजे ॲक्सल तुटण्याचा धोका.

म्हणून ॲक्सलच्या टोकाला वेगळे अर्थ ब्रश बसवलेले असतात. ते फिरत्या ॲक्सलला घासत राहतात आणि करंटला बेअरिंग टाळून जायची सोपी वाट देतात. हा गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित जोड असावा. तो बिघडला तर दिवे जात नाहीत, पंखे थांबत नाहीत, गाडीही नीट धावते. त्याचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो, आणि तोही यांत्रिक बिघाड म्हणून. आजचा झिजलेला ब्रश आणि पुढच्या वर्षी गेलेलं बेअरिंग यांचा संबंध जोडायला नोंदवही नीट ठेवलेली असावी लागते.

बॅटरी गेली तर

डोक्यावर पंचवीस हजार व्होल्ट असताना गाडी विजेअभावी निर्जीव पडू शकते का? पडू शकते. पॅन्टो वर उचलायला दाबाखालची हवा लागते. रात्रभर उभ्या गाडीत हवा उतरलेली असते. मुख्य कॉम्प्रेसर वरच्या विजेवर चालतो आणि वरची वीज पॅन्टो उचलल्याशिवाय मिळत नाही. या पेचातून सोडवतो तो 'बेबी कॉम्प्रेसर'. बॅटरीच्या ११० व्होल्टवर चालणारा हा छोटा कॉम्प्रेसर पॅन्टो उचलण्यापुरती हवा तयार करतो. म्हणजे पहाटेची पहिली लोकल सुटते ती मुळात बॅटरीच्या जिवावर. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा-हिरवा क्षार साफ करणं, जोड आवळणं आणि त्यावर पेट्रोलियम जेलीचा थर देणं हे रोजचं कंटाळवाणं काम अशा पहाटेसाठी असतं.

या ११० व्होल्टच्या यंत्रणेत एक सुंदर चाचणी आहे. डब्यातल्या दिव्यांच्या दोन्ही वायरी, अधिक आणि उणे, डब्याच्या लोखंडी अंगापासून पूर्ण अलग ठेवलेल्या असतात. एखाद्या ठिकाणी वायर सोलून पत्र्याला टेकली, तरी लगेच काही होत नाही. दिवे चालूच राहतात. धोका पुढे आहे. दुसरी वायर दुसऱ्या ठिकाणी पत्र्याला टेकली की पत्र्यातूनच शॉर्ट होतो आणि आग लागू शकते. म्हणून पहिला दोष गप्प असतानाच पकडायचा असतो.

त्यासाठी दोन सारखे दिवे एकापुढे एक जोडतात. त्यांची बाहेरची टोकं अधिक आणि उण्याला, आणि दोघांमधला सांधा डब्याच्या अंगाला. सगळं ठीक असेल तर दोन्ही दिवे सारखेच मंद पेटतात. अधिकची वायर कुठे पत्र्याला लागलेली असेल तर तिच्या बाजूचा दिवा मावळतो आणि दुसरा प्रखर होतो. उणेची लागली असेल तर उलट. मीटर नाही, संगणक नाही, दोन दिव्यांच्या उजेडातला फरक बघायचा. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या देखभालीतही पिट लाइनवर, म्हणजे रुळांखाली खड्डा असलेल्या लाइनवर, ही चाचणी करतात, आणि वायर सोलण्यामागे कितीदा तरी उंदीर निघतो.

पहिला पाऊस आणि मोठा पाऊस

विजेच्या माणसाला मुसळधार पावसापेक्षा पहिल्या रिमझिमीची जास्त काळजी असते. आठ महिने टपावरच्या इन्सुलेटरवर धूळ, काजळी, ब्रेकचा भुगा आणि समुद्राकडून आलेला खारा थर बसलेला असतो. कोरडा असेपर्यंत तो निरुपद्रवी. हलक्या सरीनं तो ओला होतो, पण धुऊन जात नाही. ओला खारट थर वीज वाहून नेतो आणि इन्सुलेटरच्या अंगावरून आगीचा लोळ जातो. जोराच्या पावसात तोच थर वाहून जातो आणि इन्सुलेटर स्वच्छ होतो. म्हणून मे महिन्यात शेडमध्ये इन्सुलेटर पुसण्याची घाई असते.

मोठ्या पावसाची भीती खालून असते. मोटरी डब्याखाली, ॲक्सलला लागून असतात. रुळांवर पाणी चढलं की ते मोटरीत शिरतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर लगेच चालू करत नाहीत. आधी मेगर नावाचं मीटर लावून वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, आणि मोटरीचं कवच यांच्यामधला रोध मोजतात. तो लाखो ओहममध्ये असायला हवा. ओल असेल तर तो कोसळलेला असतो. मग मोटर गरम हवेनं किंवा भट्टीत वाळवतात, पुन्हा मोजतात, पुन्हा वाळवतात. पाऊस थांबून ऊन पडलं तरी 'लोकल अजून सुरळीत का नाही' असा राग आपल्याला येतो. त्या वेळी शेडमध्ये हे चाललेलं असतं, आणि ओल्या मोटरीला वीज दिली तर ती कायमची जाते.

न सापडणारा बिघाड

सर्वांत अवघड दोष तो, जो शेडमध्ये दिसतच नाही. मामांनी सांगितलेली एक गोष्ट मला पक्की आठवते. एका गाडीत धावताना मध्येच एक युनिट बंद पडायचं, मोटरमन ते वेगळं तोडून उरलेल्या मोटर कोचवर, म्हणजे मोटरी असलेल्या डब्यांवर, गाडी ओढायचा, संध्याकाळी शेडमध्ये आणली की सगळं व्यवस्थित. तीन दिवस नोंदवहीत एकच शेरा, 'तपासले, दोष नाही.' चौथ्या दिवशी मामा मोटरमनच्या मागे केबिनमध्ये उभे राहून फेरीला गेले. दोष दर वेळी एकाच बाजूच्या वळणावर येत होता. दोन डब्यांमधल्या जम्परची, म्हणजे डब्यांना जोडणाऱ्या केबलची, एक पिन सैल होती. गाडी सरळ असताना ती टेकायची, डबे वळले की केबल ताणली जायची आणि पिन सुटायची. शेडची लाइन सरळ, त्यामुळे तिथे ती कधीच सापडली नसती.

आता गाडीतला संगणक प्रत्येक दोष वेळेसह नोंदवतो आणि त्यामुळे शोध फार सोपा झालाय. पण संगणक 'संदेश आला नाही' एवढंच सांगतो. तो केबलमुळे आला नाही, पिनमुळे, की इलेक्ट्रॉनिक कार्डमुळे, हे ठरवायला कुणाला तरी हात घालावा लागतो. घाईत सरसकट कार्ड बदलण्याची सवय लागली तर चांगली कार्डं दुरुस्तीला जातात आणि सैल पिन गाडीतच राहते.

लांब पल्ल्याच्या गाड्यांचं थोडक्यात. जुन्या निळ्या डब्यांत प्रत्येक डब्याखाली आल्टरनेटर असतो आणि तो ॲक्सलवरून पट्ट्यांनी फिरतो. चाक फिरलं की वीज, थांबलं की बॅटरी. सिग्नलला तासभर अडकलेल्या गाडीत पंखे मंदावतात ते यामुळे, आणि पट्टे सैल झाले किंवा निसटले तर धावत्या गाडीतही तेच होतं. लाल एलएचबी डब्यांना पूर्वी गाडीच्या दोन टोकांच्या डिझेल जनरेटरच्या डब्यांतून वीज मिळायची. आता बऱ्याच गाड्यांत इंजिनच वरच्या तारेतून घेतलेली वीज ७५० व्होल्टवर मागच्या डब्यांना देतं. डिझेल वाचलं, फलाटावरचा घरघराट गेला. मात्र डब्या-डब्यांमधले विजेचे मोठे कपलर आता साऱ्या गाडीच्या विजेचा भार वाहतात. त्यात पाणी किंवा कचरा गेला, पिन सैल राहिली, तर ती जागा तापते. परत जोडावरच आलो.

लोकलच्या या देखभालीचं बरंचसं काम कुर्ला, कळवा, सानपाडा, मुंबई सेंट्रल, कांदिवली आणि विरार इथल्या कारशेडमध्ये होतं. मोठ्या ओव्हरहॉलसाठी मध्य रेल्वेच्या गाड्या माटुंग्याच्या आणि पश्चिमेच्या महालक्ष्मीच्या वर्कशॉपमध्ये जातात. शेवटची लोकल संपल्यापासून पहाटे चारच्या सुमाराची पहिली सुटेपर्यंतचे तास फार थोडे असतात.

प्रवाशाला यात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. डब्यात जळक्या रबराचा किंवा प्लास्टिकचा वास आला, दिवा लुकलुकत असला, पंख्याच्या बोर्डातून चरचर ऐकू आली, तर पुढच्या स्टेशनवर कर्मचाऱ्याला सांगा किंवा १३९ वर कळवा. सांगताना 'बारा डब्यांची बदलापूर लोकल' एवढ्यावर थांबू नका, तीच गाडी दिवसभरात अनेक नावांनी धावते. डब्यात रंगवलेला डब्याचा नंबर सांगा आणि वास दाराशी आला की खिडकीशी तेही सांगा. रात्री गाडी शेडमध्ये शिरली की फिटरला तो डबा आणि तो बोर्ड थेट उघडता येतो, आणि बहुधा आत एक सैल स्क्रू असतो.